निम्मे मासे, पण ओढ्यात येणार कसे?

सॅमन ओढ्याच्या गोट्यांत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि काही वर्षांनी वासाच्या खुणेवर वीण करायला त्याच ओढ्यात परततो. आपल्याकडच्या चढणीच्या माशांसारखाच, फक्त याचा प्रवास हजारो किलोमीटरचा.

अमेरिकेतल्या आजच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मूळ जमातींनी १८५४-५५च्या करारांत जमिनी सोडल्या, पण नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे तोच हक्क बजावला म्हणून त्यांना अटक होऊ लागली. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर पहिल्यांदा पकडले गेले ते १९४५ साली, चौदाव्या वर्षी. नंतर पन्नासाहून अधिक वेळा. अखेर १९७४मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला: धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा.

यातली खरी गोम ‘धरण्याजोगे’ ठरवण्यात आहे. विणीसाठी किती मासे वर सोडायचे हे आधी ठरतं. उरतील त्यांची वाटणी. म्हणून राज्याची आणि जमातींची माणसं ओढे तुडवत घरटी मोजतात. मादी शेपटीने गोटे उडवून खळगा करते. शेवाळ निघाल्याने तेवढाच तळ उजळ दिसतो, तेच घरटं. पैदास केंद्रातल्या अनेक पिल्लांच्या नाकाडात जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, सांकेतिक क्रमांकाची तार घालतात. जाळ्यात सापडलेला मासा कुठला, हे त्यावरून कळतं. दरवर्षी हंगामाआधी दोन्ही बाजू एकत्र बसून कोटा ठरवतात. भांडणं होतात, पण आकड्यांवरून. मला ही मोठीच प्रगती वाटते.

पण मासेच घटले तर निम्मे कशाचे? २००१मध्ये जमाती पुन्हा कोर्टात गेल्या, या वेळी रस्त्यांखालच्या मोऱ्यांसाठी. अरुंद नळाच्या मोरीत पाण्याला जोर फार येतो. शिवाय बाहेरच्या तोंडाशी तळ खरवडून नळ अधांतरी राहतो. मासा उड्या मारून थकतो. वर मैलोगणती चांगला ओढा रिकामा पडतो. २०१३मध्ये कोर्टाने राज्याला मोऱ्या बदलायला सांगितलं. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक न्यायमूर्ती बाजूला राहिल्याने मतं ४-४ अशी अडली आणि खालचा आदेश कायम राहिला.

आता नळाच्या जागी ओढ्याहून रुंद कमानी आणि पूल येताहेत, तळाशी नैसर्गिक गोटे ठेवून. खर्च अब्जावधी डॉलरचा. मात्र आदेश फक्त राज्याच्या मोऱ्यांना लागू आहे. त्याच ओढ्यावर थोडं वर काउंटीची (म्हणजे जिल्हा प्रशासनाची) किंवा खाजगी रस्त्याची मोरी असली, तर मासा तिथेच अडतो.