माळव्याची रात्र आणि डॉग फ्लॉवरचा तांबेरा

थंडी पडली की इंदूरच्या गच्च्यांवर आणि अंगणांत डॉग फ्लॉवर फुलू लागतो. रोपवाटिकेत त्याचं हेच नाव चालतं. शास्त्रीय नाव अँटिर्‍हिनम. याच दिवसांत पानांवर फिकट पिवळे ठिपके येतात आणि निदान ठरलेलं असतं: पाणी कमी पडतंय, खत कमी पडतंय. मग संध्याकाळी झारीनं वरून पाणी आणि कुंडीत चमचाभर युरिया. दोन्ही गोष्टी रोगाच्या पथ्यावर पडतात.

पान उलटून पाहा. वर जिथे पिवळा ठिपका, तिथेच खाली चॉकलेटी फोड दिसतात. बऱ्याचदा मध्ये एक मोठा आणि भोवती लहान फोडांचं कडं. पांढऱ्या कागदावर पान घासलं आणि तपकिरी पूड उतरली, तर तो तांबेराच, म्हणजे बुरशीमुळे होणारा रोग. भुरी हा दुसरा रोग असेल तर पांढरी पूड बहुधा पानाच्या वरच्या बाजूला दिसते. केवडा रोग असेल तर पानाच्या कडा खाली वळतात आणि खाली राखाडी लव येते.

तांबेऱ्याची ही बुरशी म्हणजे पुक्सिनिया अँटिर्‍हिनी. कॅलिफोर्नियातून आलेल्या या बुरशीला 1897 मध्ये नाव मिळालं. 1933 मध्ये ती इंग्लंडला पोचली. इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडे गव्हावर पडणारा गेरुआ, म्हणजे गव्हाचा तांबेरा, तिच्याच कुळातला, म्हणून शेतातला रोग बागेत आला असा समज होतो. तो चुकीचा आहे. गव्हाचा गेरुआ अँटिर्‍हिनमवर जगत नाही आणि अँटिर्‍हिनमचा गव्हावर नाही.

कागदावर उतरलेल्या त्या पुडीचा प्रत्येक कण एक बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी असतो, मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा. तो पानावर पडला म्हणून लगेच काही बिघडत नाही, कारण कोरड्या पानावर तो रुजतच नाही. पाण्याचा पातळ थर मिळाला की त्यातून नळी फुटते आणि पानावर सरपटू लागते. पानाची साल फोडण्याच्या भानगडीत ती पडत नाही; पान ज्यातून श्वास घेतं ते पर्णरंध्र शोधते. डोळे नाहीत, मग शोधते कशी? स्पर्शानं. घेवड्याच्या तांबेऱ्यावर 1987 मध्ये झालेले प्रयोग विलक्षण आहेत. संशोधकांनी पानाऐवजी प्लास्टिकचा पृष्ठभाग घेतला आणि त्यावर वेगवेगळ्या उंचीचे सूक्ष्म उंचवटे कोरले. सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरचा उंचवटा लागताच नळी थांबली आणि तिच्या टोकाला फुगवटा आला. फार बुटक्या किंवा एक मायक्रोमीटरहून उंच कडेला तिनं दाद दिली नाही. घेवड्याच्या पर्णरंध्राच्या ओठाची उंची जवळपास तेवढीच असते! म्हणजे पान नसतानाही, नुसत्या मापावरून बुरशीनं दार ओळखलं. अँटिर्‍हिनमचा तांबेराही पर्णरंध्रातूनच आत जातो. आत गेल्यावर तंतू पेशीची भिंत भेदतो, पण तिच्या आतलं पटल फाडत नाही. ते आत दाबून तिथे शोषकांग तयार करतो आणि जिवंत पेशीतली साखर ओढत राहतो. यजमान पेशी मेली तर बुरशीही उपाशी मरते, म्हणून ही काळजी. साधारण 10 ते 14 दिवसांनी खालची साल फाटते आणि नवी पूड बाहेर पडते.

बीजाणू रुजायला 10 ते 13 अंश सेल्सिअस तापमान आणि 6 ते 8 तास ओलं पान लागतं. आत गेलेल्या बुरशीच्या वाढीला 21 ते 24 अंश मानवतात. शबे-माळवा म्हणून नावाजलेल्या इथल्या रात्री हिवाळ्यात 10-12 अंशांवर येतात, दुपारी पारा पंचविशीला टेकतो. रात्र रुजायला, दिवस वाढायला. संध्याकाळी वरून घातलेलं पाणी ओल्या पानाचे उरलेले तास पुरवतं.

म्हणून पाणी सकाळी, बुंध्याशी. दोन रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर. लागट पानं दव सुकल्यावर खुडा, कारण ओल्या पानांना लावलेला हात बीजाणू पसरवतो. ती पिशवीत बंद करून टाका, खताच्या खड्ड्यात नको. मावठ्याचे ढग दिसले की मॅन्कोझेब 75 टक्के पावडर लिटरला 2.5 ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. पान मेणचट असल्यानं थेंब घसरतात, त्यामुळे चिकटद्रव्य हवंच. मॅन्कोझेब पानाबाहेरच काम करतं. आत शिरलेल्या तंतूला ते शिवतही नाही. बरेच जण फोड आल्यावर ते मारतात आणि औषध बनावट होतं म्हणतात. फोड दिसल्यावर प्रोपिकोनाझोल 25 टक्के, लिटरला 1 मिलि. ते पानात शोषलं जातं. दोन फवारण्यांत 10 ते 12 दिवस, हातमोजे आणि तोंडाला मास्क.

कुंडीला लिंबू-मिरची बांधून बीजाणू थांबत नाहीत, हे उघड आहे. पण मोबाइलवर फिरणारा ‘एकच काढा, सगळे रोग’ हा दावाही तितकाच पोकळ. साबणाचं पाणी माव्यावर चालतं, कारण त्या मऊ किडीच्या अंगावरचं आवरण त्यानं बिघडतं. तांबेऱ्यावर तेच संध्याकाळी मारलं, तर पान रात्रभर ओलं ठेवण्याची सोय होते.

पारा 34 अंशांपलीकडे गेला की बीजाणू मरू लागतात. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याला बारबेरीचं झुडूप दुसरं घर म्हणून मिळतं. अँटिर्‍हिनमच्या तांबेऱ्याचं तसं दुसरं घर अजून सापडलेलं नाही. त्याला जगायला जिवंत रोपच लागतं. तेव्हा फुलं संपल्यावर पुढच्या वर्षासाठी म्हणून सावलीत जपलेली एखादी लागट कुंडी मार्चअखेर मुळासकट काढा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नव्या बियांपासून रोपं करा. तयार रोपं घ्यायची असतील, तर पैसे देण्याआधी खालची चार पानं उलटून बघा.