वऱ्हाडच्या वर्गात पार्ट्स ऑफ स्पीच कुठून आले?

वर्ग पाचवा-सहावा आला की जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांच्या वह्यांत शब्दांच्या जातींची, म्हणजे पार्ट्स ऑफ स्पीचची, एकच यादी दोनदा उतरते. मराठीच्या तासाला नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. इंग्रजीच्या तासाला नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब. गावात बरेचदा दोन्ही विषय शिकवणारे गुरुजी एकच असतात. तरी या याद्या सख्ख्या बहिणी आहेत, हे मुलांना कुणी सांगत नाही.

थोरली बहीण ग्रीक. डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत. लॅटिनमध्ये आर्टिकल (इंग्रजीतल्या अ, ॲन, द सारखा शब्द) नव्हते, म्हणून रोमन पंडितांनी ते काढले आणि आठाचा आकडा भरायला इंटरजेक्शन, म्हणजे केवलप्रयोगी अव्यय, वेगळे मोजले. पुढे इंग्रजीचे व्याकरण लिहिणाऱ्यांनी हाच लॅटिन साचा उचलला. ॲडजेक्टिव्ह तर बराच काळ नाउनच्याच घरात राहत होते. १७९५ साली लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण निघाले, तोवर जाती नऊ झाल्या होत्या. मरे मूळचे अमेरिकन वकील. इंग्लंडात यॉर्कजवळ राहून त्यांनी हे पुस्तक तिथल्या मुलींच्या शाळेसाठी लिहिले आणि ते जगभर चालले.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, तेव्हा धर्ती मरे यांचीच होती. मरे यांच्या नऊ जातींतून आर्टिकल वगळा, आठ उरतात. आपण शाळेत घोकतो त्या याच. नावे मात्र पुष्कळशी इथली. ‘नाम’ यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, आहेच, पण यास्क चारच वर्ग मानतो: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्यये). म्हणजे पाट्या संस्कृत आणि खोल्या विलायती. विरामचिन्हांचेही तसेच: मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये त्यांची परिभाषा मराठीत मांडली.

मराठीने स्वतःचा विचार त्याआधी केलाच नव्हता असे मात्र नाही. महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ मराठीचे पहिले व्याकरण मानले जाते, आणि त्या पंथाचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. शाळेपर्यंत ती परंपरा पोचली नाही, इतकेच.

हा इतिहास कळला की मूल नेमके कुठे अडखळते तेही कळते. जिथे साचे जुळत नाहीत, तिथेच. अ, ॲन, द मुलांच्या पचनी पडत नाहीत, कारण मराठीच्या यादीतून ती खोलीच काढलेली आहे. प्रीपोझिशनचे दुखणे जागेचे: आपले शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटते, ‘बंडीवर’ (बैलगाडीवर), इंग्रजीत ‘ऑन’ आधी येऊन उभे राहते. उलट चालू काळ वऱ्हाडी पोराला सोपा जायला हवा. ‘तो जेवून रायला’ आणि ‘ही इज ईटिंग’ यांची मोडणी जवळजवळ सारखी: कृती एका शब्दात, काळ दुसऱ्या शब्दात. पण शाळेत ‘रायला’ म्हटले की आधी बोलणे सुधारायला सांगतात आणि हाती आलेले उदाहरण वाया जाते. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तर ‘नाम’सुद्धा शाळेतच भेटते, त्याच्यासाठी दोन्ही याद्या परक्या.

साहित्यातल्या संज्ञांची गोष्ट निराळी. इथे काही उसने घ्यावे लागले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चार अलंकार आहेत. त्यातले पहिले दोन म्हणजे आपले सिमिली आणि मेटॅफर. उपमेची फोड तर इंग्रजी पुस्तकांपेक्षा आपल्याकडे बारकाईने करतात. ‘फुटलेल्या कापसासारखे पांढरे ढग’ यात ढग उपमेय, कापूस उपमान, पांढरेपणा साधारण धर्म आणि ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक शब्द. इंग्रजीत ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ शोधा म्हणतात, तो हा चौथा. संस्कृत काव्यशास्त्रकार वामनाने काव्याच्या ज्या रीती, म्हणजे शैली, सांगितल्या, त्यांत सगळे गुण असलेली म्हणून वैदर्भी पहिली. आपल्या मुलखाचे नाव साहित्यशास्त्रात इतक्या मानाने आले आहे, हे विदर्भातल्या किती वर्गांत सांगतात, देव जाणे.

पर्सोनिफिकेशनसाठी दूर जायला नको. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, असे मानतात. तिथला यक्ष ढगाला निरोप देतो आणि कालिदास लगेच खुलासा करतो: प्रेमाने व्याकूळ माणसाला चेतन-अचेतनाचा भेद कळत नाही. चेतनगुणोक्ती म्हणतात ती हीच.

राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्याआधी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत यायची. पहिल्या वर्गांत गाणी, चित्रे आणि बोलणे असते, संज्ञा वरच्या वर्गांत येतात. पुढे दहावीच्या इंग्रजीत कवितेच्या रसग्रहणाला राइम स्कीम आणि फिगर ऑफ स्पीच विचारतात, तेव्हा यमक आणि अलंकार मराठीच्या वहीत आधीच लिहून झालेले असतात.