रिटर्नची मुदत वाढली, म्हणून व्याज थांबत नाही

दरवर्षी फिरणारा मेसेज: ‘आयकर रिटर्नची तारीख पुढे गेली, आता तोपर्यंत कर भरला तरी व्याज नाही.’ समज स्वाभाविक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. वाढीव मुदतीत रिटर्न भरल्यास कलम २३४एफचे विलंब शुल्क (कमाल ५,००० रुपये) लागत नाही. व्याजाचे मात्र वेगळे.

टीडीएस (उत्पन्न हाती येण्याआधीच कापलेला कर) वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर निघत असेल, तर तो अॅडव्हान्स टॅक्स (आगाऊ कर) म्हणून ३१ मार्चपूर्वीच भरायचा असतो. ९० टक्क्यांहून कमी भरला, तर कलम २३४बीनुसार १ एप्रिलपासून महिना १ टक्का व्याज सुरू होते. मुदतवाढीशी त्याचा संबंध नाही, आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरतात. काहीच अॅडव्हान्स न भरता ४०,००० बाकी असतील आणि ते १५ सप्टेंबरला भरले, तर सहा महिन्यांचे २,४०० रुपये. (धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या निवासी व्यक्तींना यातून सूट आहे.)

पडताळायचे असेल, तर रिटर्नच्या प्रिव्ह्यूत २३४ए (रिटर्न उशिरा भरल्याचे व्याज), २३४बी, २३४सी (अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते चुकल्याचे व्याज) हे रकाने वेगवेगळे पाहा. रिटर्न सवकाश भरा, पण ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’चे (उरलेला कर स्वतः भरण्याचे) चलन आजच भरा आणि त्याचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख व क्रमांक जपून ठेवा.