दुरुस्तीनंतर गाडीचा एसी रुसला? गॅसआधी पाण्यावर संशय घ्या

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या एसीच्या कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला, दगड लागून भोक पडलं. कंडेन्सर बदलला, गॅस भरला, हवा गारेगार येऊ लागली. पुण्याहून साताऱ्याला निघालो आणि अर्ध्या तासात हवा कोमट झाली. ब्लोअरचा जोर तसाच, पण गारवा नाही. चहाला थांबलो, वीस मिनिटांनी गाडी सुरू केली तर एसी पुन्हा पहिल्यासारखा. पुढे अर्ध्या तासाने परत तेच. दुरुस्ती केली तिथे विचारलं तर म्हणाले, "गॅस कमी पडला असेल साहेब, थोडा मारून देतो."

पण गॅस कमी असता, तर नुसतं थांबल्याने तो वाढला कसा?

गाडीचा एसी गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे काम करणारा आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो आणि मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. छिद्रापलीकडे दाब एकदम उतरतो, द्रव उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून घेतो. सगळी करामत त्या छिद्रापाशी आहे, आणि माझ्या गाडीचं दुखणंही तिथेच होतं.

त्या जागी तापमान शून्याच्या आसपास, कधी त्याखालीही जातं. गॅसबरोबर पाण्याचा अंश फिरत असेल तर तो नेमका तिथे गोठतो. छिद्र इतकं बारीक की बर्फाचा कण पुरतो. गॅसची वाट बंद, गारवा बंद. गाडी थांबवली की इंजिनाच्या धगीने बर्फ वितळतो आणि वाट मोकळी होते. कूलिंग कॉइलवर बाहेरून बर्फ धरला तर व्हेंटमधून येणारा वाराच कमी होतो. माझ्याकडे वारा पुरेसा होता, फक्त कोमट होता. दोन्ही तक्रारी ऐकायला सारख्या वाटतात, म्हणून हा फरक मेकॅनिकला आवर्जून सांगावा.

दुसऱ्या मेकॅनिकने दाब मोजणारे दोन्ही गेज लावले, कमी दाबाच्या बाजूला निळा आणि जास्त दाबाच्या बाजूला लाल, आणि एसी चालू ठेवून शांतपणे वाट पाहिली. हवा कोमट झाली तसा निळ्या गेजचा काटा घसरत शून्याच्याही खाली गेला. कॉम्प्रेसर ओढत होता, पण पुढून काही येतच नव्हतं. त्यांनी गरम पाण्यात फडकं पिळून व्हॉल्व्हभोवती गुंडाळलं. मिनिटभरात काटा झपकन वर आला. "पाणी आहे आत," ते म्हणाले. "व्हॅक्यूम नीट झालेलं नाही."

पाणी येतं हवेतून. कंडेन्सर बदलताना पाइप उघडे पडतात, ओलसर हवा आत शिरते, कॉम्प्रेसरचं तेलही ओल चटकन शोषतं. गॅसच्या वाटेवर ओल टिपायला ड्रायर नावाची डबी असते; तिच्यातले दाणे थोडी ओल टिपतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. म्हणून पंपाने आतली हवा काढायची, हेच व्हॅक्यूम. हवेचा दाब साधारण ७६० मिलिमीटर पारा असतो. तो ३२ च्या खाली उतरवला की ३० अंशांचं पाणीसुद्धा उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. याला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांत उरकलेलं व्हॅक्यूम बहुतांश हवा काढेल, तेलात मुरलेलं पाणी नाही. पंप बंद केल्यावर काटा पाहत राहायचा: सतत चढत राहिला तर गळती, थोडा चढून थांबला तर आत अजून पाणी उकळतंय. मला ही खूण फार आवडते; न उघडता आतलं कळतं.

नुसती हवा राहिली तर त्रास वेगळा. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, जागा अडवून बसते आणि लाल गेज विनाकारण चढतो. तपासायचं असेल तर गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू न करता दाब पाहावा. ३० अंशांना शुद्ध आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो. काटा त्याच्या बराच वर असेल, तर आत गॅसखेरीज आणखी काही आहे.

अशा वेळी वरून गॅस मारणं म्हणजे दुखण्यात भर. जास्तीचा द्रव कंडेन्सरमध्ये साचतो, थंड व्हायला जागा उरत नाही. गॅस वजनानेच भरावा. किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांच्या बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. आणि जुना गॅस हवेत सोडू देऊ नये, मशिननेच काढून घ्यायला सांगावं: शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-१३४ए सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

गाडी चालताना गार आणि सिग्नलला कोमट असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा पाहा. दुरुस्तीत त्याचं सॉकेट नीट न बसणं सहज होतं.

माझ्या गाडीचा ड्रायर बदलला, पाऊण तास पंप चालला, मग वीस मिनिटं काटा जागचा हलला नाही. त्यानंतर वजनकाट्यावर बाटली ठेवून ४०० ग्रॅम गॅस भरला. त्याच आठवड्यात पुन्हा साताऱ्याला निघालो. चहाच्या टपरीपर्यंत व्हेंटमधला थर्मामीटर आठ अंशांवर होता, आणि टपरी मागे पडून तासभर झाला तरी तिथेच.