पबमेडवर दिसलं म्हणजे जर्नल खात्रीचं?

सांगली-मिरजेच्या पीजी विद्यार्थ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पेपर पबमेडवर सापडला की जर्नल खरं. हे चूक आहे, आणि त्यापायी पेपर छापण्यासाठी जर्नलला भरलेले कष्टाचे पैसे बुडतात.

पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं वैद्यकीय लेख शोधायचं यंत्र, १९९६ पासूनचं. त्याच्या पोटात मेडलाइन आहे, म्हणजे निवडक जर्नलांतल्या लेखांची सूची. तिथे तज्ज्ञांची समिती जर्नल पारखून घेते. पण पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत साठ्यातले लेखही त्याच शोधात दिसतात, आणि खरी मेख इथेच आहे. अमेरिकी सरकारी आरोग्यनिधीवर झालेल्या संशोधनाचं हस्तलिखित तिथे जमा करावंच लागतं, मग ते कुठल्याही जर्नलात छापलेलं असो. म्हणून पैसे घेऊन नीट न तपासता छापणाऱ्या भुरट्या जर्नलातला एखादा लेखही आत येतो. आला तो लेख. जर्नलची निवड झालेली नसते. प्रकाशक मात्र 'आम्ही पबमेडमध्ये' असं मिरवतो.

पैसे भरण्याआधी त्याच ग्रंथालयाच्या एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाका. 'करंटली इंडेक्स्ड फॉर मेडलाइन' असं लिहिलेलं दिसलं, तर निवड झालेली आहे. नसलं म्हणून जर्नल लगेच वाईट ठरत नाही. कित्येक चांगली भारतीय जर्नलं तिथे नाहीत. तेव्हा संपादक मंडळ तपासा, गाइडना विचारा. आयएसएसएनवर तर मुळीच विसंबू नका, तो नुसता ओळख क्रमांक आहे.