दीर्घकालीन गृहशुश्रूषा (मुंबई)

अंथरुणाला खिळलेले वृद्ध, पक्षाघाताचे किंवा कर्करोगाचे रुग्ण, स्मृतिभ्रंश झालेले आणि तीव्र दिव्यांगत्व असलेले लोक यांना घरीच किंवा वस्तीतच, सरकारी अथवा महापालिकेच्या पैशातून मिळणारी मदत. आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही तिच्यातली मुख्य कामे. औषधोपचाराचा वाटा त्या मानाने थोडा. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये यासाठी स्वतंत्र विमा सुरू केला. भारतात तसा विमा नाही. मुंबईत जे मिळते ते निरनिराळ्या खात्यांत विखुरलेले, आणि बहुतांशी रोख किंवा वस्तूंच्या रूपात. शुश्रूषेला माणूस मात्र मिळत नाही.

राज्याच्या संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांतून महिना १,५०० रुपये मिळतात. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये २,५०० झाली. श्रावणबाळसाठी वय ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, म्हणजे महिना १,७५० रुपये लागते. मुंबईत एवढ्यावर घर चालवणारे कुटुंब कुठे सापडते, हे उत्पन्नाचा दाखला देणाऱ्यालाच ठाऊक. महापालिका धर्मवीर आनंद दिघे योजनेखाली ४० ते ८० टक्के दिव्यांगत्वाला महिना १,००० आणि त्याहून जास्त असल्यास ३,००० रुपये देते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. डिस्चार्जनंतरची शुश्रूषा घरच्यांनीच बघायची.

घरी जाऊन सेवा देण्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा उपशामक (आजार बरा करण्यापेक्षा वेदना आणि त्रास कमी करणारा) विभाग. त्याचे पथक कर्करोगाच्या रुग्णांना घरी भेटते, वेदनेचे औषध देते, जखमा धुते, नाकातल्या नळीतून कसे भरवायचे ते घरच्यांना शिकवते. इतर आजारांना असा आधार क्वचितच. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात (२०१०-११) अंथरुणावरच्या वृद्धांना गृहभेट देण्याची तरतूद आहे, पण शहरात तिचा पसारा तोकडा. महापालिकेच्या आरोग्यसेविका पल्स पोलिओ, क्षयरोग, गरोदर बायका यांसाठी दारोदार फिरतात. कोणत्या खोलीत कोण पडून आहे हे त्यांना ठाऊक असते. फक्त त्यांच्या कामाच्या यादीत ते नसते. केरळने २००८ च्या उपशामक धोरणात असाच तळागाळातला कर्मचारीवर्ग आणि पंचायतींचा निधी एकत्र आणून घरोघर परिचारिका पाठवल्या.

जागेचा प्रश्न याहून बिकट. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात डोके वर करता येणारी लोखंडी कॉट आणि हवेची गादी मांडली की उरलेले घर गॅलरीत झोपते. संडास मजल्याच्या टोकाला, त्यामुळे कमोड खुर्ची मोरीजवळ, पडद्याआड. पुनर्विकासाच्या इमारतीत संडास घरात आला, पण लिफ्ट बंद पडली की सातव्या मजल्यावरचा रुग्ण तपासणीला खाली उतरत नाही. महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ कोपऱ्यावर असूनही त्याच्या उपयोगाचा नाही. कॉट, वॉकर, व्हीलचेअर अनामत घेऊन वापरायला देणारी मंडळे आणि ट्रस्ट बऱ्याच मराठी वस्त्यांत आहेत. सरकारी योजनांपेक्षा त्यांचाच आधार लवकर मिळतो.

उरलेली पोकळी घरी शुश्रूषेला माणसे पुरवणारे खासगी ब्युरो भरून काढतात. तिथून येणारी आया किंवा ‘मामा’ (पुरुष मदतनीस) बारा तासांची पाळी करतो, आणि महिन्याचे सरकारी अनुदान अशा दोन-तीन पाळ्यांतच संपते. ज्यांना ते परवडत नाही त्या घरांत सून, लेक किंवा बायको नोकरी सोडते. तिच्या कामाची किंमत कुठल्याच योजनेत धरलेली नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या (२०१६) कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले आहेत.