तिसऱ्या नंबरचा गठ्ठा

मेलबर्नच्या मतदान केंद्रात बोटाला शाई लागत नाही आणि मशीनचा बीपही ऐकू येत नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिसपेन्सिल ठेवलेली असते आणि मतदाराच्या हातात हिरवी मतपत्रिका. तिच्यावर फुली मारायची नाही, शिक्काही नाही. प्रत्येक नावापुढे आकडा लिहायचा: सगळ्यात आवडत्या उमेदवाराला १, त्याच्या खालोखाल २, असं करत नकोशा उमेदवारापर्यंत जायचं. एकच आकडा चुकून दोघांपुढे लिहिला की मत बाद.

३ मे २०२५ रोजी अशा पत्रिकांची मोजणी सुरू झाली तेव्हा मेलबर्न मतदारसंघात पर्यावरणवादी, डाव्या ग्रीन्स पक्षाचे नेते अॅडम बँट पहिले होते. १५ वर्षांचे खासदार, पहिल्या पसंतीची जवळजवळ ४० टक्के मतं. मजूर पक्षाच्या सारा विटी ३१ टक्क्यांच्या आसपास. आपल्या लोकसभेच्या हिशेबाने गुलाल उधळून झाला असता. काही दिवसांनी निकाल पक्का झाला आणि विटी ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी निवडून आल्या.

यात घोटाळा नाही, गणित आहे. आणि आपल्याला ते वाटतं तितकं अनोळखी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी मध्यरात्र उलटली तरी का चालते, हे ज्याने टीव्हीसमोर बसून पाहिलंय त्याला ‘पहिल्या पसंतीची मतं’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर शेवटच्या उमेदवाराला बाद करायचं, त्याचा गठ्ठा सोडायचा, आणि त्यातल्या प्रत्येक पत्रिकेवर पुढची पसंती कोणाला आहे ते पाहून ती त्याच्या गठ्ठ्यात टाकायची. मग पुढचा शेवटचा. दोघंच उरेपर्यंत हेच.

ऑस्ट्रेलियाने ही पद्धत घेतली त्यामागे तत्त्वज्ञानापेक्षा घाबरगुंडी जास्त होती. ऑक्टोबर १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाच्या विरोधातली मतं सत्ताधारी नॅशनॅलिस्ट आणि शेतकऱ्यांचा उमेदवार यांच्यात फुटली आणि मजूर पक्षाचा २२ वर्षांचा एडविन कॉर्बॉय जेमतेम ३४ टक्क्यांवर खासदार झाला. सरकारने लगोलग पसंतीक्रमाचा कायदा आणला. डिसेंबरात कोरंगामाइटच्या पोटनिवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला गेला. तिथे पहिल्या पसंतीत मजूर पक्षाचे जेम्स स्कलिन पुढे होते, निवडून आला शेतकऱ्यांचा उमेदवार. कायदा ज्या कामासाठी केला ते काम त्याने पहिल्याच फेरीत चोख बजावलं. मतदान सक्तीचं झालं ते १९२४ मध्ये. १९२२ ला ६० टक्केही मतदान झालं नव्हतं, १९२५ ला ते ९१ टक्क्यांवर गेलं. कारण नसताना मत न देणाऱ्याला आजही २० डॉलर दंड होतो.

मेलबर्न मतदारसंघ मात्र या सगळ्याच्या आधीचा, म्हणजे १९०१ च्या पहिल्या संघीय निवडणुकीपासूनचा. पहिले खासदार सर माल्कम मॅकीकर्न हे जहाजमालक. ऑस्ट्रेलियातून गोठवलेलं मांस जहाजाने लंडनला १८८० मध्ये पहिल्यांदा धडपणे पोचलं, ते त्यांच्याच कंपनीमार्फत. १९०३ मध्ये ते डॉ. विल्यम मलोनी यांच्याविरुद्ध अवघ्या ७७ मतांनी जिंकले. टपाली मतांत गडबड निघाली, न्यायालयाने निवडणूक रद्द केली, आणि १९०४ च्या पोटनिवडणुकीत मलोनी आले. आले ते ३६ वर्षं हललेच नाहीत. मेण लावलेल्या टोकदार मिशा आणि फिकट रेशमी सूट अशा थाटात वावरणारा हा बुटका डॉक्टर गरिबांचा माणूस म्हणून ओळखला जाई. १९२७ पर्यंत देशाची संसद मेलबर्नमध्येच भरत असे. म्हणजे मतदारसंघ आणि सभागृह यांच्यात फारतर ट्रामचा प्रवास.

मलोनींनंतर १९४० मध्ये आर्थर कॉल्वेल, तेही ३२ वर्षं. दोन माणसांत ६८ वर्षं संपली. याला बालेकिल्लाच म्हणायचं, आणि त्याचं कारण नकाशात होतं. कार्लटन, फिट्झरॉय, कॉलिंगवूड, रिचमंड या वस्त्या म्हणजे चपलांचे कारखाने, दारूच्या भट्ट्या आणि चिकटून बांधलेली बैठी घरं. यातली कुठली वस्ती कधी मतदारसंघात, कधी शेजारच्या, पण जात एकच. आठ तासांच्या दिवसासाठी १८५६ मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली होती, आणि कामगार संघटनांची ट्रेड्स हॉलची इमारत कार्लटनच्या टोकाशी आहे. त्याच वर्षी व्हिक्टोरियाने (मेलबर्न ज्यात येतं ते राज्य, तेव्हा वसाहत) छापील पत्रिकेवरचं गुप्त मतदान सुरू केलं, जे पुढे जगभर ‘ऑस्ट्रेलियन पद्धत’ म्हणून गेलं.

कॉल्वेल हे विचित्र प्रकरण होतं. १९४५ मध्ये ते देशाचे पहिले स्थलांतर मंत्री झाले, युद्धाने बेघर केलेल्या युरोपियनांना लाखांनी आणलं, आणि त्याच वेळी आशियातून आलेल्या युद्धनिर्वासितांना परत पाठवण्याचा हट्ट धरला. हे गृहस्थ स्वतः मंदारिन शिकले होते! त्यांच्या मतदारसंघात आज विद्यापीठाभोवती आशियाई विद्यार्थ्यांची गर्दी असते.

कारखाने गेले, बैठी घरं प्राध्यापक-वकिलांनी घेतली, सरकारी उत्तुंग इमारतींत निर्वासित आले. मजूर पक्षाचा मतदार राहिला, पण तो मजूर राहिला नाही. २००७ मध्ये बँट पहिल्यांदा शेवटच्या दोघांत पोचले आणि मजूर पक्षाच्या लिंडसे टॅनर यांच्याकडून हरले. २०१० मध्ये टॅनर निवृत्त झाले, आणि इथून खरी मजा सुरू होते.

१०० पत्रिका आहेत असं धरू. २०१० मध्ये ३८ मजूर पक्षाच्या, ३६ ग्रीन्सच्या, उरलेल्या २६, त्यांतल्या २१ उजव्या लिबरल पक्षाच्या. लिबरल पक्षाने आपल्या मतदारांना वाटलेल्या चिठ्ठ्यांवर ग्रीन्सला मजूर पक्षाच्या वर ठेवलं होतं. त्या २६ पैकी सुमारे २० बँट यांच्याकडे गेल्या आणि ते ५६ विरुद्ध ४४ ने आले. डाव्या पक्षाचा खासदार उजव्यांच्या दुसऱ्या पसंतीवर! २०१३ मध्ये लिबरल पक्षाने क्रम उलटा केला. उरलेल्या मतांतली पाचांतली जेमतेम दोन ग्रीन्सला मिळाली, पण तोवर त्यांच्या पहिल्या पसंतीच ४३ टक्क्यांना टेकल्या होत्या, म्हणून निभावलं. २०२५ मध्ये उरलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश विटींकडे गेली. चढवणारा आणि उतरवणारा गठ्ठा बऱ्याच अंशी एकच.

‘सुरक्षित जागा’ या शब्दाने मेलबर्नला फसवलं ते असं: २०१९ मध्ये बँट यांना पहिल्या पसंतीची ४९.३ टक्के मतं होती, २०२२ मध्ये ४९.६. म्हणजे जिथल्या तिथे. पण शेवटच्या दोघांतला आकडा ७१.८ वरून ६०.२ वर घसरला. लोकांचं मन बदललं नव्हतं, समोरचा गडी बदलला होता. २०१९ ला दुसऱ्या नंबरवर लिबरल होते, त्यामुळे मजूर पक्षाच्या पत्रिका ग्रीन्सकडे आल्या. २०२२ ला दुसरा मजूर पक्ष होता, आणि लिबरल पत्रिका उलट दिशेला गेल्या. ७२ टक्क्यांचा तो डोंगर दुरूनच साजरा होता.

त्यात २०२४ ची पुनर्रचना. ऑस्ट्रेलियात मतदारसंघात सरासरी सव्वा लाखाच्या आत-बाहेर मतदार असतात, म्हणजे आपल्या विधानसभेच्या मतदारसंघाच्या निम्मेसुद्धा नाहीत. ही सरासरी राखायला सीमा नेमाने हलवाव्या लागतात. व्हिक्टोरियाची एक जागा कमी होऊन ३८ उरल्या, आणि मेलबर्नच्या उत्तरेकडचा ग्रीन्सला मानणारा भाग कापला जाऊन यारा नदीपलीकडचं साऊथ यारा आत आलं. साऊथ यारा म्हणजे पैसेवाली वस्ती. बँट यांची कागदावरची आघाडी एकही मत न पडता कमी झाली.

पहिल्या पसंतीत पुढे असलेल्याला हरवणं न्याय्य का, हा वाद तिथेही चालतो. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त लोकांना चालेल असा माणूस निवडणं मला पटतं, पण त्यात कुणालाच फारसा नकोसा नसलेल्या उमेदवाराचं फावतं, हेही खरं. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आपले चिंतामणराव देशमुख तिसरे आले होते. त्यांच्या मतांतली दुसरी पसंती मोजली तेव्हा बहुतेक नीलम संजीव रेड्डींकडे गेली. व्ही. व्ही. गिरींची पहिल्या पसंतीतली ८८ हजारांची आघाडी घटून १५ हजारांच्या आत आली. थोडक्यात वाचले. बँट नाही वाचले.

मेलबर्नच्या खासदारांच्या यादीत १९०१ पासून फक्त आठ नावं आहेत. २०२५ च्या लिबरल उमेदवाराचं नाव त्यात नाही, बातम्यांतही फारसं आलं नाही. मोजणीच्या टेबलावर मात्र सगळे शेवटी त्या उमेदवाराच्याच गठ्ठ्याभोवती थांबले होते. रबरबँड निघाला, कर्मचाऱ्याने पहिली हिरवी पत्रिका सपाट केली आणि २ चा आकडा कुणापुढे आहे ते पाहिलं.